धक्क्यावरची रेघ आणि रस्त्यावरचे ओझे

आगरदांड्याच्या किंवा खाडीपलीकडील दिघीच्या धक्क्याला जे मोठे मालवाहू जहाज लागते, त्याच्या कुशीवर एक वर्तुळ आणि त्याला छेदणारी एक आडवी रेघ रंगविलेली असते. ही रेघ पाण्याखाली जाता कामा नये, एवढाच तिचा अर्थ. परंतु या एवढ्याशा अर्थासाठी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या पार्लमेंटात केवढे रणकंदन माजले होते! मालाने ठासून भरलेली, विमा उतरविलेली जुनीपुराणी जहाजे समुद्रात बुडत, मालकांस विम्याचे पैसे मिळत आणि खलाशांची घरे उघड्यावर पडत. सॅम्युएल प्लिमसॉल नावाच्या सभासदाने या 'शवपेटिकां'विरुद्ध आवाज उठविला. १८७५ साली भर सभागृहात त्याचा तोल सुटला, त्याबद्दल त्याने क्षमा मागितली, पण विषय मात्र सोडला नाही. १८७६ साली भाररेषेचा कायदा झाला. गंमत अशी की, ती रेघ नेमकी कोठे काढावी हे ठरविण्याचे काम त्या कायद्याने जहाजाच्या मालकांवरच सोडले होते! ही चतुराई दुरुस्त व्हावयास १८९० साल उजाडावे लागले. आपल्याकडील कायदे करणाऱ्यांनी ही दुसरी तारीख पहिलीपेक्षाही अधिक ध्यानात ठेवावी.

इतके मागचे सांगण्याचे कारण असे की, त्याच धक्क्यावर उतरलेला माल एकदा रस्त्याला लागला म्हणजे ही रेघ नाहीशी होते. जहाज किती भरावे हे जगाने ठरविले. जहाजातून उतरलेले ओझे कोणत्या गाडीने, कोणत्या जोडणीने आणि कोणत्या पुलावरून न्यावे, याविषयी मात्र आपण गाडीवानाच्या धाडसावर आणि देवाच्या दयेवर विसंबून आहोत.

मुरूडच्या दक्षिणेस राजपुरीच्या खाडीवर वसलेले आगरदांडा हे कालपरवापर्यंत कोळ्यांचे आणि बागायतदारांचे शांत गाव होते. आता त्याच्या नावाचा उच्चार बंदर, औद्योगिक क्षेत्र, सागरी महामार्ग अशा भारदस्त शब्दांच्या संगतीने होऊ लागला आहे. दिघी बंदर २०२१ साली अदानी समूहाकडे आले. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात ज्या १२ औद्योगिक नगरींना मंजुरी दिली त्यांत दिघीचे नाव आहे. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गासाठी आगरदांडा आणि दिघी यांच्यामध्ये खाडीवर पूल योजिला आहे. आज ही खाडी ओलांडावयाची तर मोटारी ज्या तराफ्यावरून पलीकडे नेतात त्यावर चढावे लागते. नाही तर तळा-म्हसळ्याकडून मोठा वळसा घालावा लागतो. या सर्व उत्कर्षाचे आम्ही स्वागतच करतो. कोकणातील तरुणाने पोटासाठी मुंबईची वाट धरावी आणि गणपतीला तेवढे घर उघडावे, ही स्थिती कायम राहावी असे कोण म्हणेल? प्रश्न उत्कर्षाचा नाही. उत्कर्षाचे ओझे कोणाच्या पाठीवर आणि कोणत्या दोरीने बांधले जात आहे, याचा आहे.

या प्रश्नाचे मोठे रूप म्हणजे बंदरातून निघणारे अजस्र ट्रेलर. ते डोळ्यांत भरतात, म्हणून त्यांच्याविषयी निदान तक्रार तरी होते. परंतु त्याचे एक लहान रूप आहे, आणि आमच्या मते तेच अधिक फसवे आहे. ते म्हणजे पिकअप. मासळी, बर्फ, आंब्याच्या पेट्या, विटा, लग्नाचा मांडव, शाळेची बाके, सर्व काही वाहून नेणारी ही गाडी आज कोकणच्या संसाराचा कणा होऊन बसली आहे. पूर्वी बैलजोडीवर जेवढा जीव लावीत तेवढा आज घराघरांतून या गाडीवर लावतात, आणि तो उगाच नव्हे. पण गाडीच्या हौद्यात मावेल तेवढ्यावर भागेनासे झाले म्हणजे तिच्या मागे लोखंडी आकडा बसविला जातो आणि त्याला एक ट्रेलर अडकविला जातो. त्यावर कधी काँक्रीट कालवण्याचे यंत्र असते, कधी जनित्र, कधी पर्यटकांसाठी आणलेली फायबरची होडी. गावातल्या गावात ही वरात निघाली तर तेवढे बिघडत नाही. पण तीच वरात पुण्याहून ताम्हिणी उतरून, किंवा मुंबईहून महामार्गाने दीडदोनशे किलोमीटरचा पल्ला मारून समुद्राकडे येऊ लागली म्हणजे तिचा विचार निराळ्या दृष्टीने करावा लागतो.

या बाबतीत आपल्याकडे एक मूलभूत गैरसमज आहे. ज्याअर्थी इंजिन ओढते त्याअर्थी गाडीला ते झेपते, असे सर्रास मानले जाते. गाडीवान आपल्या गाडीची थोरवी सांगताना तिने चढावर काय काय ओढले हेच सांगतो; उतारावर तिने काय थोपविले हे कोणी सांगत नाही. वस्तुतः ओढणे हा सर्वांत सोपा भाग होय. ओढण्यासाठी इंजिन असते, आणि ते कमी पडले तर गाडी फार तर चढावर थांबेल. थोपविण्यासाठी असतात ते ब्रेक, आणि ते कमी पडले तर गाडी थांबत नाही, हीच तर अडचण!

शाळेतल्या पदार्थविज्ञानाची थोडी उजळणी करू. गाडीच्या अंगी असलेली गतीची शक्ती वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० किलोमीटरचा वेग ६० झाला तर ती शक्ती दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते. त्यात मागे ट्रेलर जोडून वजन दुप्पट केले तर साडेचारपट. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर हा सारा भार ओढणाऱ्या गाडीच्या चार चाकांवर येतो, आणि ती चाके तर तिच्या एकटीच्या वजनासाठी घडविलेली. आता घाट घ्या. गाडी आणि ट्रेलर मिळून पाच टनांचे ओझे ३०० मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्यात ५० लिटर पाणी साध्या तपमानापासून उकळीपर्यंत तापविता येईल. हवेचा व चाकांचा अडथळा तिचा काही भाग खातो. उरलेली एक तर इंजिनाने पचवावी लागते किंवा ब्रेकनी. वरच्या गियरात किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडून देणारा चालक ती सर्वच्या सर्व ब्रेकच्या माथी मारतो. ब्रेक तापतात, तापले की त्यांची पकड सुटते, आणि पाय दाबला तरी गाडी ऐकेनाशी होते. पुण्याच्या नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका अवजड वाहनाने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली, तेव्हा प्रथम 'ब्रेक निकामी' अशीच बातमी आली होती. पुढे प्राथमिक तपासात जे दिसून आले ते असे की, चालकाने इंधन वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती. चार पैशांच्या डिझेलची ही बचत किती महाग पडली, हे त्या रस्त्यावर उभे असलेल्यांस विचारावे.

दुसरी गोष्ट भार कोठे ठेवावा याची. ही तर आपल्या शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बैलगाडी मागे जड झाली म्हणजे ती 'उलाळ' झाली असे म्हणतात. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या मानेस फास बसतो. फार पुढे जड झाली तर मानेवर ओझे येते. म्हणून अनुभवी गाडीवान पोती लावताना पुढचा भार बैलांना किंचित जाणवेल इतका ठेवतो. पिकअपमागील ट्रेलरचे शास्त्र याहून वेगळे नाही. अमेरिकेत, जेथे अशा गाड्या ओढण्याचा मोठा प्रघात आहे, तेथे ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार जोडणीच्या आकड्यावर यावा असा सर्वमान्य दंडक आहे. तो कमी झाला, म्हणजे आपल्या भाषेत ट्रेलर उलाळ झाला, की विशिष्ट वेगानंतर तो डावीउजवीकडे झुलू लागतो. हा झोका एकदा वाढला की ट्रेलरच गाडीला हाकू लागतो. अशा वेळी घाबरून जोराने ब्रेक दाबावा किंवा चक्र गरकन फिरवावे, हे मनुष्याच्या स्वभावास धरून आहे आणि नेमके तेच घातक आहे. जे ज्ञान बैलाच्या मानेने आपल्याला शिकविले, ते मोटार आल्याबरोबर आपण विसरलो, कारण मोटारीची मान दुखत नाही.

समतोलाचा हा विषय या किनाऱ्याला तरी नवा नसावा. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळी लाटांत कलंडली, सहाशेहून अधिक माणसे गेली. घाबरलेले उतारू एका कुशीस सरकल्याने तिचे कलंडणे अटळ झाले असे सांगतात. त्या एका सकाळीची आठवण रायगडच्या गावोगावी अजून निघते.

आता कायद्याकडे वळू. कायदा नाही असे मुळीच नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने 'मोटार वाहन' या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलरचा समावेश केला आहे. तेव्हा ट्रेलर म्हणजे मागे बांधलेले सामान नव्हे, नोंदणी हवी असलेले स्वतंत्र वाहन होय. ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरवरही दिसला पाहिजे असे ६१ वे कलम सांगते. मर्यादेपेक्षा अधिक भार घालून वाहन किंवा ट्रेलर चालविण्यास ११३ वे कलम मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १९४ व्या कलमाखाली अशा गुन्ह्यास २० हजार रुपये, आणि वरच्या प्रत्येक टनास आणखी २ हजार रुपये दंड आहे. आणि हा दंड केवळ चालविणाऱ्यास नाही. चालवावयास लावणाऱ्यास व चालवू देणाऱ्यासही आहे. इतकेच नव्हे, चालक हा मालक नसेल तर गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकुमाने घडला असे न्यायालयाने गृहीत धरावयास हरकत नाही, असेही त्या ११३ व्या कलमात म्हटले आहे. कायदा करणाऱ्यांना ओझे कोण लादतो हे पुरते कळत होते, याचा हा पुरावा आहे. मग रस्त्याच्या कडेला अडविलेल्या गाडीपाशी हात जोडून उभा असतो तो नेहमी चालकच, हे कसे?

याचे उत्तर ११४ व्या कलमातील एका लहानशा शब्दप्रयोगात सापडेल. जादा भाराचा संशय आल्यास अधिकाऱ्याने वाहन वजनकाट्याकडे नेण्यास फर्मवावे. हा काटा पुढच्या वाटेच्या कोणत्याही बिंदूपासून १० किलोमीटरच्या आत, किंवा मुक्कामापासून २० किलोमीटरच्या आत असावा. आणि तो, कायदाच म्हणतो, 'असल्यास'. असल्यास! सर्व कायद्याचा डोलारा या एका शब्दावर उभा आहे. काटा नसेल तर वजन नाही, वजन नाही तर जादा भार नाही, जादा भार नाही तर गुन्हा नाही. उरते ती दोन माणसांतील घासाघीस, आणि तिची किंमत कोणत्याही कलमात छापलेली नाही.

जडवाहतुकीच्या बाबतीत तर ओझ्याचा हिशेब रस्त्यालाही द्यावा लागतो. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात खास रस्ते बांधून त्यांवर भरलेल्या मालमोटारी रात्रंदिवस फिरविण्यात आल्या, आणि त्यातून असे दिसले की, रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. आसावरचा भार दुप्पट केला तर झीज दुप्पट नव्हे, सोळापट. या हिशेबात पिकअप जवळजवळ निर्दोष आहे. अपराध आहे तो मोठ्या ट्रेलरांचा. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली आणि सर्वांत मोठ्या वाहनाचे एकूण वजन ४९ टनांवरून ५५ टनांवर. वाढ दिसावयास तेरा टक्क्यांच्या आत. पण चौथ्या घाताने गणित केले तर त्या आसाखालील झीज सुमारे ६१ टक्क्यांनी वाढते. वाहतूकदारांस एका सहीने सवलत मिळाली. रस्त्यांची आणि पुलांची हाडे मात्र त्या सहीने बळकट झाली नाहीत.

आणि रायगडच्या पुलांविषयी निर्धास्त राहण्याजोगी स्थिती आहे काय? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एस.टी.च्या दोन गाड्यांसह वाहून गेला. जुलै २०२१ मध्ये काशीदजवळचा जुना पूल कोसळून एकाचा बळी गेला. हे दोन्ही पूल पुराच्या पाण्याने पडले, भाराने नव्हे. ते भाराच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण पूर एक दिवस येतो आणि भार रोज जातो. पुराच्या दिवशी पूल किती तगेल हे त्याने आधीची वीस-तीस वर्षे काय सोसले यावरही अवलंबून असते, हे सांगण्यास स्थापत्यशास्त्रज्ञ कशाला हवा?

यावर पिकअपचा मालक म्हणेल, आणि त्याचे म्हणणे आम्ही हलके मानीत नाही, की गाडी कर्जाची आहे; हप्ता दरमहा भरावयाचा; भाडे मिळते ते खेपेवर. दोन खेपांचा माल एका खेपेत नेला तरच हातात काही उरते. त्याने नाही म्हटले तर माल देणारा दुसऱ्यास बोलावील, आणि तो दुसरा नाही म्हणणार नाही. अगदी खरे आहे. म्हणूनच रस्त्यात चालकास गाठून त्याच्या पावत्या फाडणे हा या रोगावरील उपाय नव्हे. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याच्यावरच सर्व दंडशक्ती खर्च करणे हा न्यायही नव्हे. प्लिमसॉलने खलाशांना 'भरलेल्या जहाजावर चढू नका' असा उपदेश केला नाही. त्याने मालकाच्या डोळ्यांसमोर, माल भरतानाच दिसेल अशी रेघ मागितली.

तशी रेघ रस्त्यावर आणावयाची तर वजन प्रवासाच्या मध्यावर नव्हे, ओझे चढते त्या जागी झाले पाहिजे. सागरी वाहतुकीने ही वाट अलीकडेही दाखविली आहे. १ जुलै २०१६ पासून, भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन माल पाठविणाऱ्याने कळविल्याखेरीज तो कंटेनर जहाजावर चढवावयाचा नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. जबाबदारी पाठविणाऱ्याची, जहाजाच्या तांडेलाची नव्हे. मग बंदराच्या फाटकातून, दगडाच्या खाणीतून किंवा कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीच्या हाती काट्याची पावती असावी, तिच्यावर माल देणाऱ्याची सही असावी, आणि जादा भार निघाल्यास पहिली नोटीस त्या सहीच्या धन्यास जावी, यात अशक्य ते काय आहे? कलमे आहेत; त्यांना हात घालावयाचा एवढेच.

लहान ट्रेलरांबाबत तर याहूनही सोपे काम आहे. युरोपातील देशांत ७५० किलोंहून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत असा नियम आहे. आपल्या परिवहन खात्याने नोंदणीच्या वेळी व दर तपासणीस ट्रेलरचे ब्रेक, मागचे दिवे, जोडणीचा आकडा आणि आकडा निसटला तर ट्रेलर धरून ठेवणारी साखळी एवढ्या चार वस्तू हाताने ओढून पाहाव्यात. गल्लीतल्या वेल्डरने तासाभरात डकविलेला आकडा ताम्हिणीच्या उतारावर कुटुंबाचे भवितव्य धरून ठेवतो, हे तपासणाऱ्याच्या मनात असले म्हणजे पुरे. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, दिवा नाही, लाल पट्टी नाही, अशा अंधारात जातात आणि मागून येणाऱ्याचा जीव घेतात. दर हंगामात त्याची चर्चा होते आणि साखर कारखान्यांची धुराडी थंड झाली की चर्चाही थंड होते. कोकणात तो प्रकार रुजण्यापूर्वीच उपटला पाहिजे.

लांब पल्ल्याच्या जड मालाला रेल्वे हेच खरे वाहन होय, याविषयी दुमत नसावे. रोह्यापासून दिघीपर्यंत लोहमार्ग नेण्याची योजना वर्षानुवर्षे ऐकू येते. मालगाडी मात्र अद्याप खाडीकाठी पोचलेली नाही. बंदर आधी, औद्योगिक नगरी आधी, पूल आधी आणि लोहमार्ग सवडीने, असा हा क्रम आहे. त्यामुळे मधल्या वर्षांचे सारे ओझे इंदापूर-तळा-आगरदांड्याच्या आणि माणगाव-म्हसळ्याच्या रस्त्यांवर, म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आणि डोक्यावर मासळीची पाटी घेतलेल्या बायकांच्या वाटेवर पडणार. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि पुढे ते किती रेंगाळले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना 'मधली वर्षे' किती लांबतात हे सांगावयास नको.

आज तराफ्याचा सारंग नजरेने भार जोखतो आणि फार जड गाडी दिसली तर चढू देत नाही. त्याला आपली बोट बुडवावयाची नसते. उद्या पूल झाला म्हणजे हा सारंगही वाटेत असणार नाही. तेव्हा पुलाच्या आगरदांड्याकडील आणि दिघीकडील अशा दोन्ही तोंडांशी एकेक वजनकाटा, चोवीस तास माणूस असलेला, पुलाच्या खर्चातच धरला जावा. पूल खुला होईल त्याच दिवशी तो काटाही चालू झालेला असावा, मागाहून नव्हे. रायगडच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात बांधकाम व परिवहन या दोन्ही खात्यांच्या मंत्र्यांना हा एकच प्रश्न विचारावा, आणि उत्तरात तारीख मागावी.